दोन शस्त्रांनी लढणारा ठक (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

दोन शस्त्रांनी लढणारा ठक हा डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळातील एक लोकप्रिय पात्रप्रकार आहे. दोन्ही हातांत हलकी शस्त्रे घेणे, शत्रूच्या नकळत किंवा तो दुसऱ्याशी झुंजत असताना वार करणे आणि उलट वार होण्यापूर्वी दूर होणे ही त्याच्या लढाईची मुख्य वैशिष्ट्ये आहेत. मूळ इंग्रजी खेळात या पात्रवर्गाला 'रोग' असे नाव आहे. त्याच उच्चाराचा मराठी शब्द आजार या अर्थी रूढ असल्यामुळे या लेखात 'ठक' हा शब्द वापरला आहे. लेखातील नियम मुख्यतः खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४) आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांतील फरक स्वतंत्र विभागात दिले आहेत.

दोन शस्त्रे म्हणजे दुप्पट हानी, असा नवख्या खेळाडूंचा समज असतो. पाचव्या आवृत्तीत तो बरोबर ठरत नाही. ठकाची बहुतेक ताकद एका पाळीत एकदाच मिळणाऱ्या 'चोरट्या वारा'त असते. पहिला वार चुकल्यास तो चोरटा वार साधण्याची आणखी एक संधी देणे हे दुसऱ्या शस्त्राचे खरे काम आहे. ही संधी घेतल्यास त्या पाळीत निसटण्याची किंवा लपण्याची संधी जाते. त्यामुळे दुसरे शस्त्र केव्हा चालवावे आणि केव्हा आवरावे, हा या पात्राच्या डावपेचांतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला व तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीत योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच पात्रवर्ग होते. १९७५ मधील 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हा वर्ग आला. नकळत मागून वार केल्यास नेम लागण्याची शक्यता वाढावी आणि हानी पटीत व्हावी, ही कल्पना या वर्गाबरोबरच खेळात आली. १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ही पट चोराच्या पातळीनुसार दुपटीपासून पाचपटीपर्यंत वाढत असे. दोन शस्त्रांनी लढण्याचे नियम त्या काळी कडक होते. दुसऱ्या हातात खंजीर किंवा हातकुऱ्हाडच घेता येई आणि दोन्ही वारांच्या फाशांतून काही गुण वजा होत.

विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये मूळ प्रकाशक टीएसआर ही कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली. या आवृत्तीत चोराचा 'रोग' झाला व पटीऐवजी सहा बाजूंच्या जादा फाशांची पद्धत आली. शत्रू दोन बाजूंनी कोंडलेला असेल किंवा त्याला चपळाईने बचाव करता येत नसेल, तर ठकाच्या प्रत्येक यशस्वी वाराला हे जादा फासे मिळत. वार जितके अधिक तितके जादा फासेही अधिक, म्हणून दोन शस्त्रे घेणे या आवृत्तीत अतिशय फायद्याचे होते. मृतात्मे, यंत्रपुतळे यांसारख्या शत्रूंवर मात्र चोरटा वार चालत नसे.

पाचव्या आवृत्तीने ही रचना बदलली. चोरटा वार आता कोणत्याही प्रकारच्या शत्रूवर चालतो, पण एका पाळीत एकदाच. दोन शस्त्रांविषयीचे अनेक जुने सल्ले या बदलामुळे कालबाह्य झाले.

मूलभूत नियम

वार करताना खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात पात्राची नैपुण्याची व चपळतेची भर मिळवतो. बेरीज शत्रूच्या संरक्षणांकाइतकी किंवा त्याहून अधिक झाली तर वार लागतो. परिस्थिती अनुकूल असल्यास दोन फासे टाकून मोठा अंक घेतात, तर प्रतिकूल असल्यास लहान अंक घेतात. या दोन स्थितींना पुढे 'अनुकूलता' व 'प्रतिकूलता' असे म्हटले आहे.

चोरट्या वारासाठी शस्त्र चपळतेने चालवता येणारे किंवा दुरून मारा करणारे असावे लागते. शिवाय पुढील दोहोंपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते.

पहिली अट: ठकाला त्या वारासाठी अनुकूलता असावी.

दुसरी अट: लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू, म्हणजे बहुधा ठकाचा साथीदार, लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत असावा. हा साथीदार कृती करण्यास समर्थ असावा आणि ठकाला प्रतिकूलता नसावी.

जादा फासे पहिल्या पातळीवर एक असतात आणि प्रत्येक विषम पातळीला एकाने वाढतात. पाचव्या पातळीवर ते तीन, तर एकोणिसाव्या पातळीवर दहा होतात.

प्रत्येक पाळीत पात्राला हालचाल, एक मुख्य कृती आणि काही क्षमतांसाठी एक बोनस कृती मिळते. मुख्य कृतीत हलक्या शस्त्राने वार केल्यावर दुसऱ्या हातातील वेगळ्या हलक्या शस्त्राने बोनस कृतीत आणखी एक वार करता येतो. या दुसऱ्या वाराच्या हानीत चपळतेची भर धरली जात नाही. दुसऱ्या पातळीपासून ठकाला बोनस कृतीत धावणे, निसटणे किंवा लपणे यांपैकी एक गोष्टही करता येते. बोनस कृती एका पाळीत एकच असते, त्यामुळे दुसरा वार आणि निसटणे या दोन्ही गोष्टी एकाच पाळीत करता येत नाहीत.

दुसऱ्या शस्त्राचे गणित

पाचव्या पातळीच्या ठकाचे उदाहरण घेता येईल. त्याची चपळता १८ असल्यास चपळतेची भर ४ आणि नैपुण्याची भर ३, अशी एकूण ७ होते. शत्रूचा संरक्षणांक १५ असेल तर फाशावर ८ किंवा अधिक पडणे आवश्यक आहे, म्हणजे वार लागण्याची शक्यता ६५ टक्के होते. आखूड तलवारीची सरासरी हानी ३.५, चपळतेची भर ४ आणि तीन जादा फाशांची सरासरी १०.५ असते. साथीदार लक्ष्याजवळ उभा आहे असे मानून आणि क्रिटिकल हिटचा विचार बाजूला ठेवून पुढील सरासरी निघतात.

एकच वार केल्यास अपेक्षित हानी सुमारे ११.७ होते.

दोन शस्त्रांनी दोन वार केल्यास ती सुमारे १६.४ होते. दोहोंपैकी किमान एक वार लागण्याची शक्यता जवळपास ८८ टक्के असते.

अनुकूलतेसह एकच वार केल्यास ती सुमारे १५.८ होते. येथेही वार लागण्याची शक्यता जवळपास ८८ टक्केच असते.

शेवटच्या दोन आकड्यांवरून असे दिसते की दोन वार करणे आणि अनुकूलता मिळवून एक वार करणे यांत फार अंतर नाही. दोन्ही मार्गांनी चोरटा वार साधण्याची दुसरी संधीच मिळते. पातळी वाढत जाते तसे या संधीचे मोल वाढते. हीच ६५ टक्के शक्यता आणि हीच शस्त्रे धरल्यास दुसऱ्या वारामुळे पहिल्या पातळीवर सरासरी ३.१, पाचव्या पातळीवर ४.७ आणि एकोणिसाव्या पातळीवर १०.२ इतकी हानी वाढते. यातील दुसऱ्या शस्त्राच्या स्वतःच्या पात्याचा वाटा प्रत्येक वेळी सुमारे २.३ एवढाच असतो. उरलेली वाढ हुकलेला चोरटा वार पुन्हा मिळाल्यामुळे होते.

शत्रूवर वार लागणे फार सोपे असेल, तर पहिलाच वार बहुधा यशस्वी होतो आणि दुसऱ्या संधीची गरज कमी भासते. साधारण निम्मे वार हुकत असतील, तेव्हा दुसरे शस्त्र सर्वाधिक उपयोगी पडते.

निर्णयाचा क्रम

मुख्य कृतीचा निकाल पाहिल्यानंतर बोनस कृती ठरवता येते. या साध्या गोष्टीवर पुढील क्रम आधारलेला आहे.

ठक प्रथम एका शस्त्राने वार करतो. वार लागला आणि चोरट्या वाराचे फासे मिळाले, तर दुसऱ्या शस्त्राने मिळणारी सरासरी हानी अल्प असते. अशा वेळी बोनस कृती निसटण्यासाठी वापरून शत्रूच्या टप्प्याबाहेर जाणे बहुधा श्रेयस्कर ठरते. पहिला वार चुकला, तर बोनस कृतीत दुसरे शस्त्र चालवून चोरटा वार पुन्हा साधण्याचा प्रयत्न केला जातो. शत्रूचे अगदी थोडे हिट पॉइंट्स उरले असतील, तर पहिला वार लागल्यानंतरही दुसरा वार करणे योग्य ठरते, कारण मेलेला शत्रू उलट वार करू शकत नाही.

या पद्धतीत दुसरे शस्त्र बाळगण्याची किंमत कमी असते. ठकाला ढालीचे प्रशिक्षण नसल्याने त्याचा दुसरा हात तसाही मोकळा असतो. रेपियर हे एका हाताचे आठ बाजूंच्या फाशाचे शस्त्र हलके नसल्यामुळे ते सोडून सहा बाजूंच्या फाशाची आखूड तलवार घ्यावी लागते. त्यात प्रत्येक लागलेल्या वारामागे सरासरी एका गुणाची हानी कमी होते.

शस्त्रे वेळेवर उपसणेही महत्त्वाचे आहे. २०१४ च्या नियमांनुसार एका पाळीत एकच शस्त्र विनामूल्य उपसता येते. धोक्याची चाहूल लागताच दोन्ही शस्त्रे हातात न घेतल्यास पहिल्या पाळीत दुसरा वार करता येत नाही. 'ड्युअल विल्डर' हे कौशल्य घेतल्यास ही अडचण दूर होते.

लपणे आणि दोन शस्त्रे यांतील विसंगती

लपून वार करणे आणि दोन शस्त्रांनी लढणे या दोन गोष्टी एकमेकींना पूरक वाटतात, पण नियमांच्या दृष्टीने त्या बऱ्याचदा परस्परविरोधी असतात. यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, लपण्यासाठी आणि दुसऱ्या वारासाठी एकच बोनस कृती लागते.

दुसरे कारण असे की, लपलेल्या पात्राने वार करताच, तो लागो वा चुको, त्याची जागा उघड होते. अनुकूलता पहिल्याच वाराला मिळते. साथीदार लक्ष्याजवळ असेल तर दुसऱ्या वारालाही चोरट्या वाराचे फासे मिळू शकतात. ठक एकटाच असेल तर दुसऱ्या वाराला सहसा ते मिळत नाहीत आणि दुसऱ्या शस्त्राचा मुख्य लाभच नाहीसा होतो.

तिसरे कारण असे की, लढाईत बहुतेक प्राणी चौफेर सावध असतात. आडोशातून बाहेर पडून शत्रूपर्यंत चालत जाणारे पात्र सामान्यतः दिसते. शत्रूचे लक्ष विचलित झाले आहे की नाही, हे डंजन मास्टर ठरवतो.

म्हणूनच आडोसा भरपूर असलेल्या ठिकाणी लपून धनुष्याने मारा करणे आणि साथीदार शत्रूला भिडल्यावर दोन शस्त्रे घेऊन त्याच्या बाजूला उभे राहणे, असे दोन वेगळे पवित्रे मानले जातात. कुशल खेळाडू प्रसंग पाहून एकातून दुसऱ्यात जातात.

लढाईचे टप्पे

दबा धरणे

लढाई सुरू होण्यापूर्वी ठकाच्या चोरपावलांच्या चाचणीची तुलना शत्रूच्या सहज निरीक्षणांकाशी केली जाते. २०१४ च्या नियमांत ज्याला एकाही धोक्याची जाणीव होत नाही तो बेसावध ठरतो आणि त्याला पहिल्या पाळीत हालचाल किंवा कृती करता येत नाही. ठक स्वतः कितीही हळू चालला तरी सोबतच्या योद्ध्याचे जड चिलखत वाजले, तर ही संधी हुकते. यावर दोन उपाय आहेत. ठकाने थोडे पुढे जाऊन टेहळणी करावी किंवा सोबतच्या ड्रुइड अथवा रेंजरने 'पास विदाउट ट्रेस' हा मंत्र वापरावा. या मंत्राने सर्व साथीदारांच्या चाचणीत १० ची भर पडते.

जागा निवडणे

चढाईत ठकाने साथीदार ज्याच्याशी भिडला आहे असेच लक्ष्य निवडावे. त्यामुळे चोरट्या वाराची दुसरी अट आपोआप पूर्ण होते. शत्रूच्या अगदी विरुद्ध बाजूला उभे राहण्याची सक्ती पाचव्या आवृत्तीत नाही. साथीदार पाच फुटांच्या आत असणे पुरेसे आहे.

माघार

शत्रूच्या टप्प्यातून सरळ बाहेर पडल्यास शत्रू आपली प्रतिक्रिया वापरून जाणाऱ्यावर वार करू शकतो. निसटण्याची बोनस कृती हा वार टाळते. दोन्ही शस्त्रे चालवली असतील तर ठकाला त्या पाळीत शत्रूसमोर थांबावे लागते किंवा हा वार सोसण्याचा धोका पत्करावा लागतो. ठकाचे हिट पॉइंट्स आठ बाजूंच्या फाशावर ठरतात आणि तो हलकेच चिलखत घालतो. एकापेक्षा अधिक शत्रूंनी वेढल्यास तो फार काळ टिकत नाही.

प्रतिक्रिया राखणे

चोरटा वार एका पाळीत एकदा मिळतो, एका फेरीत एकदा नव्हे. शत्रू ठकाच्या टप्प्यातून पळू लागला, तर ठकाला शत्रूच्या पाळीत प्रतिक्रियेचा वार करता येतो आणि अटी पूर्ण होत असल्यास त्यालाही जादा फासे मिळतात. बॅटल मास्टर प्रकारचा योद्धा 'कमांडर्स स्ट्राइक' या डावाने ठकाला असा वार मिळवून देऊ शकतो. पाचव्या पातळीपासून मात्र हीच प्रतिक्रिया ठकाला स्वतःवर झालेल्या वाराची हानी निम्मी करण्यासाठीही वापरता येते. एका फेरीत प्रतिक्रिया एकच असल्याने ती वारासाठी खर्चावी की बचावासाठी राखावी, हे ठकाचे किती हिट पॉइंट्स उरले आहेत यावर ठरते.

फेकण्याची शस्त्रे

खंजीर हलका, चपळतेने चालणारा आणि फेकता येणारा असतो. दुसरा वार खंजीर फेकूनही करता येतो. समोरचा शत्रू पहिल्याच वारात पडल्यास दुसरा खंजीर काही अंतरावरील दुसऱ्या शत्रूवर टाकता येतो.

उपवर्ग

स्वॉशबकलर: या उपवर्गाच्या ठकाने ज्या शत्रूवर जवळून वार केला, तो शत्रू त्या पाळीत ठक दूर जाताना प्रतिक्रियेचा वार करू शकत नाही. त्यामुळे एकाच शत्रूवर दोन्ही शस्त्रांनी वार करून सुरक्षितपणे दूर जाता येते. दोन शस्त्रांसाठी हा उपवर्ग विशेष सोयीचा मानला जातो.

असॅसिन: ज्याची अद्याप एकही पाळी झालेली नाही अशा शत्रूवर त्याला अनुकूलता मिळते. २०१४ च्या नियमांत बेसावध शत्रूला लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल हिट ठरतो व चोरट्या वाराचे फासेही दुप्पट होतात. या पहिल्या पाळीत दुसरे शस्त्र चालवणे जवळजवळ नेहमीच योग्य असते, कारण बेसावध शत्रूकडून तत्काळ उलट वाराची भीती नसते.

थीफ: याला बोनस कृतीत वस्तू हाताळण्याच्या काही जादा सोयी मिळतात. लॅरियन स्टुडिओजच्या 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या संगणकीय खेळात या उपवर्गाला एक संपूर्ण जादा बोनस कृती दिली आहे. तो खेळ खेळून टेबलावरील खेळाकडे वळणाऱ्यांचा यामुळे गोंधळ होतो. टेबलावरील नियमांत अशी जादा बोनस कृती नाही.

२०२४ चे सुधारित नियम

सुधारित 'प्लेअर्स हँडबुक'ने दुसरा वार आणि निसटणे यांतील पेच बराचसा सोडवला आहे. ठकाला आता दोन प्रकारच्या शस्त्रांवर विशेष प्रभुत्व मिळवता येते. खंजीर, वक्र तलवार, विळा आणि हलका हातोडा यांच्या 'निक' गुणामुळे दुसऱ्या शस्त्राचा वार मुख्य कृतीतच करता येतो. बोनस कृती त्यामुळे मोकळी राहते. आखूड तलवारीच्या 'व्हेक्स' गुणामुळे तिचा वार लागून हानी झाल्यावर त्याच शत्रूवरील पुढच्या वाराला अनुकूलता मिळते. प्रथम आखूड तलवार आणि नंतर खंजीर किंवा वक्र तलवार हा जोड त्यामुळे प्रचलित झाला.

पाचव्या पातळीपासून चोरट्या वाराचा एक जादा फासा सोडून शत्रूला पाडणे, त्याला विषबाधा करणे किंवा प्रतिक्रियेचा वार न ओढवता निम्म्या वेगाने दूर जाणे यांपैकी एक परिणाम निवडता येतो. बेसावधपणाचा नियमही सौम्य झाला आहे. बेसावध पात्राची पाळी आता वाया जात नाही, तर पाळ्यांचा क्रम ठरवताना त्याला प्रतिकूलता मिळते.

पाथफाइंडरमधील वेगळेपण

पायझो कंपनीचा पाथफाइंडर (२००९) हा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर आधारलेला होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) प्रत्येक पाळीत तीन कृती मिळतात आणि बचाव ढिला पडलेल्या शत्रूवरील प्रत्येक योग्य वाराला चोरट्या वाराचे फासे मिळतात. मात्र एका पाळीतील प्रत्येक पुढील वारातून गुण वजा होत जातात व चपळ शस्त्रांना ही वजावट थोडी कमी असते. 'ट्विन फेंट' या डावात दोन हातांतील शस्त्रांनी एकेक वार केला जातो आणि दुसऱ्या वाराच्या वेळी शत्रूचा बचाव ढिला मानला जातो. येथे पहिला वार हा शत्रूला फसवण्यासाठी असतो. साथीदार जवळ नसलेल्या ठकालाही त्यामुळे चोरटा वार साधता येतो.

मर्यादा

दोन शस्त्रांचा ठक स्वतःच्या बळावर दीर्घकाळ झुंजण्यासाठी नसतो. दुसऱ्या वाराच्या हानीत चपळतेची भर मिळत नसल्याने केवळ वारांच्या संख्येत तो योद्ध्याची बरोबरी करू शकत नाही. अंधार, विषबाधा किंवा अन्य कारणाने प्रतिकूलता आल्यास त्याचा चोरटा वार बंद पडतो. साथीदार पडले किंवा पांगले तरी त्याची परिणामकारकता झपाट्याने घटते. म्हणून शत्रूला थोपवून धरणाऱ्या साथीदाराशी आधीच बोलून लक्ष्य ठरवणे, त्याला वेळेवर मदत मिळेल याची काळजी घेणे आणि तो मागे हटल्यावर स्वतःही दूर होणे, या गोष्टी ठकाच्या यशासाठी त्याच्या शस्त्रांइतक्याच आवश्यक असतात.